पुडीत गेलेला शेवट

एस.टी. सुटायला दोन-चार मिनिटं उरली असताना हौसाआत्या खिडकीशी आली. अण्णांनी ट्रंक टपावर चढवली होती आणि ते खालूनच सांगत होते, "शिकायला चाललीस, तर शीक. इकडचं इकडं राहू दे." आईनं आंबेमोहोराची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत्याचं काम निराळं होतं. टाचा उंचावून ती म्हणाली, "बाय, पुण्यात ते पुस्तक घावंल. निळ्या लुगड्याची नवऱ्याकडं परत गेली का न्हाई, तेवढं लिवून कळव."

ही अठ्ठ्याहत्तरच्या जूनमधली गोष्ट. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असं काही लिहिताना हात अडखळतो. पण गावी राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनी, दोघांनीही हे वाचावं असं वाटतं.

धरणाच्या कडेच्या आमच्या गावात कादंबऱ्यांना शेवट नसायचा. वाणी पुण्याहून रद्दीचे गठ्ठे आणायचा. पुस्तकाचं चित्राचं कव्हर दुकानात टांगून ठेवायचा आणि पुड्यांसाठी पानं फाडायला मागून सुरुवात करायचा. उरलेलं पुस्तक आई मागून आणायची. दुपारी ओटीवर आई आणि आत्या तांदूळ निवडत बसायच्या आणि मी वाचायची. खून, पळून जाणं, राजवाडे, डॉक्टर, सगळं. गोष्ट ऐन रंगात आली की पानं संपायची. पुढचं मोहरीबरोबर कुणाच्या तरी चुलीत गेलेलं असायचं. मग दोघी आपापला शेवट लावायच्या आणि त्यावरून चार दिवस भांडायच्या.

ज्या कादंबरीच्या दुकानात टांगलेल्या कव्हरवर निळ्या साडीतली बाई होती, तिच्यावर मात्र आत्या भांडली नाही. त्यातल्या बाईला नवरा मारतो आणि ती घर सोडते. तिथून पुढची पानं गेली होती. आत्याही तशीच माहेरी आलेली, सहा वर्षांपूर्वी. ती एवढंच म्हणाली, "ह्याचा शेवट मी लावत न्हाई. लिवणाराचाच ऐकायचा."

पुण्यात आल्यावर पहिल्यांदा मला किळस आली ती होस्टेलच्या मेसची. आमटीवर तरंगणारं थंड तेल, मोरीत साचलेलं खरकटं. त्याची सवय झाली. ज्याची झाली नाही ते वेगळंच आहे.

मराठीच्या तासाला सरांनी फळ्यावर उभी रेघ ओढली. एका बाजूला 'वाचनीय', दुसऱ्या बाजूला 'वेळ घालवणारे'. मग प्रत्येकाला विचारलं, कुठल्या कादंबऱ्या वाचल्या आहेत. दुसऱ्या बाजूच्या यादीत निळ्या साडीची कादंबरी होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ही मी ऐकली आहे."

आमच्याकडे तसंच म्हणतात. वाचणारी एक आणि ऐकणाऱ्या बाकीच्या, म्हणून पुस्तक सगळ्यांनी ऐकलेलं असतं. वर्गात आधी कुणाला कळलं नाही. मग मागून एकानं विचारलं, "रेडिओवर का?" सरही हसले. त्या दिवसापासून होस्टेलच्या मुली मला आकाशवाणी म्हणू लागल्या. "आकाशवाणी, आज हवामान काय?" त्यांच्या उशांखाली तीच 'वेळ घालवणारी' पुस्तकं असायची, वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. मला त्यांचा तिटकारा आला. त्याहून जास्त आला ओटीवरच्या त्या दुपारींचा, आईच्या तांदळाचा, आत्याच्या प्रश्नाचा. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं.

त्याच संध्याकाळी मी घरी अंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'आत्याला सांगा, असली पुस्तकं वाचण्याच्या लायकीची नसतात, त्यांचा शेवट कळून काही उपयोग नाही.' ते वाक्य मला तेव्हा फार छान जमल्यासारखं वाटलं होतं. पत्र अण्णाच वाचून दाखवणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

महिनाभरानं ते वाक्य मला टोचायला लागलं. मी एका वाचनालयातून ती कादंबरी आणली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, आणि कपडे वाळत घालायच्या गच्चीवर बसून शेवटची पानं वाचली. नवरा आजारी पडतो. बाई धावत जाते. त्याच्या पायावर डोकं ठेवते आणि स्वतःच क्षमा मागते. क्षमा कशाची, तर मार खाऊन घर सोडल्याची. पानावर कुणाच्या तरी तेलकट बोटांचे डाग होते आणि समासात जांभळ्या शाईत लिहिलं होतं, 'वा!' पुस्तकाची आली नव्हती एवढी शिसारी त्या 'वा'ची आली.

दिवाळीला ते पुस्तक ट्रंकेत घालून घरी गेले. आत्यानं विचारलंच नाही. चुलीशी आईनं सांगितलं की आत्याच्या नवऱ्याचा निरोप आलाय, भाऊबीज झाली की तिला धाडायचं ठरलंय. अण्णा रोज माझ्या पत्राचा दाखला देत होते: "शिकलेली पोर काय म्हणती बघ. पुस्तकं ऐकून तुझं डोकं फिरलंय." आत्याचं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं होतं.

दुपारी मी पुस्तक घेऊन ओटीवर बसले. आई, आत्या, आणि कधी नव्हे ते अण्णाही खांबाला टेकून बसले. फाटलं होतं तिथून सुरुवात केली. नवऱ्याचं आजारपण आलं आणि मी पानावरून नजर न काढता माझ्या मनचं बोलू लागले: तिनं आजारपण कळवणारं पत्र फाडून टाकलं, शाळेत नोकरी धरली...

"थांब," आत्या म्हणाली. "हे त्यात न्हाई."

मी म्हटलं, आहे.

"वाचतीस तवा तू धडाधडा जातीस. आत्ता दोन डाव अडलीस. मी काय आज ऐकतिया व्हय तुला? खरं काय हाय ते वाच."

मी खरं वाचलं. पायावर डोकं, क्षमा, सगळं. आत्याचा हात सुपात तसाच राहिला होता. संपल्यावर ती उठली, ओटीच्या कडेला जाऊन थुंकली, आणि परत येऊन बसली.

"मारलं त्या दिसाचं लिवताना ह्याला समदं ठावं हुतं," ती म्हणाली. "रगत कुटनं आलं ते बी. आन शेवटाला तीच माफी मागती? वाण्यानं पुड्या बांधल्या तेच बरं केलं." मग अण्णांकडे वळून त्याच आवाजात म्हणाली, "दादा, मी न्हाई जात."

अण्णांनी दाराशी बांधून ठेवलेल्या बोचक्याकडे पाहिलं. मग "बरं" एवढंच म्हणाले. भाऊबीजेला आत्यानं त्यांना ओवाळलं. बोचकं सोडून लुगडी पुन्हा दोरीवर गेली.

मी आत्याची माफी मागायला गेले, तर तिला ते आवडलं नाही. "तू आता नको चालू करूस," म्हणाली.

फळ्यावरची ती रेघ अजून माझ्या डोक्यातून जात नाही. कुठलं पुस्तक कुठल्या बाजूला, हे मला अजून ठरवता येत नाही. पण एक पुस्तक नीट ऐकून थुंकणारं माणूस मला त्या वर्गात दिसलं नाही, आणि त्याच वर्गाला आवडावं म्हणून मी तसलं पत्र लिहिलं, याचा मला आजही वीट येतो.

पुण्यात मी कितीही अडखळले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. घर म्हटलं की आता मला तो "थांब" ऐकू येतो. परवा सुट्टी संपवून निघताना आत्या पुन्हा एस.टी.च्या खिडकीशी आली होती. म्हणाली, "तुमच्या सरांना गोड लागत्यात ती पुस्तकं बी आण एकदा. ऐकून सांगू."