गाव पुसण्याआधी

शैलजाताई गोगटे यांची आणि माझी पहिली भेट जर्मनीत, एश्बॉर्नच्या कचेरीत झाली. नवं शतक तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचं होतं आणि मी पुण्याहून डोक्यात हवा भरून आलो होतो. आमचं काम म्हणजे रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षांसाठी संगणकावरच्या नकाशातल्या गावांच्या हद्दी दुरुस्त करणं. दोन हद्दींमध्ये फट राहिली की ती बुजवायची. पहिल्याच दिवशी मी सगळ्या फटी एका झटक्यात बुजवल्या आणि ऐटीत ताईंना दाखवल्या. "छान," त्या म्हणाल्या, "आता एकेक उघडून सांग, तिथे कोण राहतं." त्या मला भारी खडूस वाटल्या, हे आज कबूल करतो.

याच ताईंनी मला खोली मिळेपर्यंत तीन आठवडे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. थालीपीठ वाढता वाढता त्या जर्मन क्रियापदं घोकून घेत, आणि त्यांची लेक माझ्या उच्चारांना जर्मनमध्येच हसत असे.

त्या नोव्हेंबरात एक कागद आला. कोळशाच्या खाणीसाठी एक गाव रिकामं झालं आहे, ते शेजारच्या गावात विलीन करून त्याचं नाव आणि रस्ते नकाशातून काढावेत. मी काढले. सोमवारी नकाशा ग्राहकाकडे जायचा होता. शनिवारी सकाळी ताईंचा फोन आला, "चल, बघून येऊ."

"कागद आलाय ना, ताई?"

"कागद आलाय. आपण कुठे गेलोय अजून?"

अडीच तास ताईंनी गाडी चालवली. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यात मी दुरुस्त केलेला नकाशा. एका वळणानंतर पडद्यावरचा आमचा बाण कोऱ्या पांढऱ्या जागेत शिरला. चाकांखाली मात्र चांगला डांबरी रस्ता होता. धुक्यात ओळीने घरं उभी होती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. स्मशानातली थडगी उचलून नेलेली आणि त्या जागी ताज्या मातीचे लांबट चौकोन. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे जळत होते. कुठे कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. माझी चांगलीच तंतरली होती.

तेवढ्यात एका घराचा पडदा हलला. दार उघडून एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला न्यायला आलात का?"

ताई म्हणाल्या, "नाही. तुम्ही आहात का, ते बघायला आलो."

त्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, क्रेमर. घराच्या मोबदल्याचा वाद मिटेपर्यंत त्या तिथे एकट्याच राहणार होत्या. त्यांनी आम्हाला कॉफी दिली. टेबलावर हृदयाच्या गोळ्यांची रांग होती. सोमवारनंतर त्यांनी मदतीसाठी फोन केला असता, तर समोरच्या पडद्यावर त्यांचा पत्ताच सापडला नसता. त्या जिवंत बाईंना मी पुसून टाकलं होतं.

ताईंनी नकाशा अडवला. साहेब म्हणाले, "एका बाईसाठी?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ताई म्हणाल्या, "एका बाईसाठी."

गाव पुन्हा नकाशावर आलं. ग्राहकाची बोलणी ताईंनी खाल्ली आणि चूक माझी होती हे कुणाला कळू दिलं नाही.

जानेवारीत फ्राऊ क्रेमर यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका सरळ त्यांच्या दारात गेली आणि त्या वाचल्या. वसंतात त्यांनीच ताईंना फोन केला. "मी मुलीकडे राहायला आले. आता तिथे कोणी नाही. पुसा."

ताई मला म्हणाल्या, "पूस." माझा हात काही केल्या चालेना. त्यांनी मला एकदाही घाई केली नाही. जेवणाची सुट्टी उलटून गेली तरी शेजारी बसून राहिल्या.

आज ताई साठीच्या झाल्या आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. हे मी स्वार्थानेच मागतो. आता नकाशांवर सही माझी असते, आणि ती करताना मला अजूनही त्यांचा धाक वाटतो. तो धाक नसेल त्या दिवशी माझ्या हातून कोण पुसलं जाईल, सांगता येत नाही.