शकुनताईंनी रागावणं सोडलं

वलगावच्या अंगणवाडीतल्या शकुनताई तोंडाच्या भारी फटकळ. लेकरू भाजलं की आधी त्याच्या मायलाच झापायच्या. लेकरांच्या इजा कमी करायच्या प्रशिक्षणात सांगितलं, एक छोटा बदल करा आणि काय होतं ते मोजा. ताईंनी रागावणं सोडलं. महिनाभरात नोंदीत भाजलेली लेकरं दुप्पट झाली!

ताई चक्रावल्या. गरम पाण्यानं पोळलेली मुलगी घेऊन आलेल्या गीतांजलीला त्यांनी विचारलं, "मी तोंड बंद केलं अन् तुमी बाया बेफिकीर झाल्या काय?"

"लेकरं तं पयलेबी भाजतच होते, ताई. तुमच्या धाकानं आमी सांगत नव्हतो."

शकुनताईंना मागच्या भर उन्हाळ्यातला याच मुलीचा लांब बाह्यांचा फ्रॉक आठवला. लेकीला उन्हापासून जपते म्हणून त्यांनी गीतांजलीचं कौतुक केलं होतं.