खनिज आणि धातुक

"उभी राहा. खनिज आणि धातुक, फरक सांग."

मी उभी राहिले. दहावीचं वर्ष. कल्याणचा क्लास, भरलेला. उत्तर मला येत होतं. जमिनीत नैसर्गिकरीत्या सापडतं ते खनिज. ज्या खनिजातून धातू काढणं परवडतं, ते धातुक. मी तोंड उघडायच्या आत सर हसले.

"राहू दे. पुढचे तीन बाक, हे धातुक. मेहनत घेतली की काहीतरी निघतं. आणि हे मागचे आंबिवलीवाले, फ्री सीटवाले, नुसतं खनिज. कितीही खणा. हाती माती."

सगळे हसले. माझी मैत्रीणही हसली. तीही आंबिवलीचीच. घाबरून हसली. तेच जास्त लागलं.

पहिल्याच दिवशी फीमाफीच्या फॉर्मवरचं आडनाव वाचून सरांनी विचारलेलं, "बुद्धविहाराजवळच्या चाळीतली का?" मी हो म्हटलेलं. त्यानंतर मला नाव उरलं नाही. "ए फ्री सीट." सहा महिने ऐकून घेतलं. आई वागळे इस्टेटला पॅकिंगच्या कामावर दिवसभर उभी. तिला काय सांगणार?

"बस खाली."

बसले नाही.

"सर, चुकीचं सांगितलंत. पेन्सिलीतलं ग्राफाइट खनिज आहे. त्यातून धातू निघत नाही. म्हणून काही ते माती ठरत नाही. आणि धातुक कुठलं, हे काढणाऱ्याला काय परवडतं त्यावर ठरतं. आम्ही तुम्हाला परवडत नाही, असं सांगा. आमच्यात काही नाही, असं सांगू नका."

"बाहेर हो! आईला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आई खाडा करून आली. सर म्हणाले, "मुलगी उद्धट आहे. माफी मागू दे, नाहीतर सीट रद्द."

आई मला म्हणाली, "काय बोललीस, जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. ती सरांकडे वळली. "यात चूक कुठली?"

सर फाइल चाळत राहिले.

"चल गं," आई म्हणाली.

सीट गेली. अभ्यास चाळीच्या जिन्यात केला. मार्क कमी पडले, खोटं कशाला सांगू. तरी रसायनशास्त्रच घेतलं. आज डोंबिवलीत शाळेत तेच शिकवते.

परवा स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या, "वस्तीतल्या पोरांना प्रयोगशाळेत कशाला न्यायचं? बाटल्या फोडतील."

दोघं-तिघं हसले. मी हसले नाही.

"सोमवारी सगळा वर्ग आत जाणार. कोणी अडवलं तर तक्रार लेखी जाईल, अडवणाऱ्याच्या नावानिशी."

तक्रार लिहून ठेवलीय, अडवणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी रिकामी. खाली माझी सही आहे, पूर्ण आडनावासकट.