विहिणींपुरती वेबसाईट

लोकगीते गोळा करणाऱ्याजवळ गीतांपेक्षा किस्सेच अधिक साठतात. गीतांची वर्गवारी तरी करता येते. किस्से मात्र जागा मिळेल तिथे बसतात. आमच्या वेबसाईटचेही तसेच झाले आहे. आम्ही तिघे: निवृत्त प्राध्यापक मी, पूर्णेच्या शाळेत शिकवणारी माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा, आणि परभणीत कॉम्प्युटरचे दुकान चालवणारे सलीमभाई.

मराठवाड्याचे समग्र लोकसाहित्य, असा माझा पहिला आराखडा होता. सलीमभाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "सर, ये दुकान हय क्या गोडाऊन?"

मग छाटणी सुरू झाली. मराठवाड्याचा परभणी जिल्हा झाला, सगळ्या गीतांची लग्नगीते झाली आणि शेवटी उरली ती लग्नात दोन्हीकडच्या विहिणींनी एकमेकींना चिडवण्याची गाणी. सुनंदा म्हणाली, "सर, आता थांबा. अजून छाटलं तर नुसती नवरा-नवरी राहतील, अन् त्यांना लग्नात कोण विचारतंय!"

*

लोक यावेत म्हणून सलीमभाईंनी एकदा गुपचूप राशिभविष्याचा कोपरा जोडला. आठवड्याच्या आत एका बाईंचा फोन आला. "तुमच्या भविष्यात लिवलंय, घरात शांतता नांदेल. अन् खाली तुमचीच गानी ऐकून माझी सासू अन् माझी आई सकाळपासून भांडायल्यात! काय खरं धरावं मी?"

भविष्य त्याच दिवशी काढले. गाणी ठेवली!

*

पूर्णेत एक बाई ध्वनिमुद्रणाला बसल्या आणि गप्पच राहिल्या. मी कारण विचारले.

"समोर इहीन न्हाई. म्हनू कुनाला? भिताडाला?"

सुनंदाने माझ्याकडे बोट दाखवले. "सरांना म्हणा, मावशी."

बाईंनी मला नीट न्याहाळले आणि माझ्या चष्म्यापासून पोटापर्यंत अशी काही गीतरचना केली, की माझ्या कोणत्याही समीक्षकाने माझा इतका नेमका समाचार घेतलेला नाही. सुनंदा हसून लोळत होती. मी मात्र एक सिद्धान्त घेऊन घरी आलो. हे गीत एकटीचे नसतेच. पहिली डिवचते, दुसरी फेडते, तेव्हा ते पुरे होते. त्या दिवसापासून नियम झाला: सवालासोबत जवाब असेल तरच गाणे वेबसाईटवर जाईल.

*

एका चर्चासत्रात एका विद्वानांनी विचारले, "विषय फारच अरुंद नाही का? हे पाहणार कोण?"

सुनंदाने उलट विचारले, "सर, तुमच्या लग्नात तुमच्या सासूबाईंनी तुमच्या आईला काय म्हटलं होतं?"

चहाच्या वेळी ते आमच्याजवळ आले आणि दबक्या आवाजात चार ओळी चालीसकट म्हणून दाखवल्या! सलीमभाईंनी मोबाईल आधीच सुरू केला होता. मला त्या दिवशी आमच्या अरुंदपणाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या पीएच.डी.चाही वाटला नव्हता.

*

आणि मग पालमच्या कौसाबाई आल्या. असा गळा, अशी जीभ आम्हाला जिल्ह्यात दुसरी सापडली नाही. मुलाच्या लग्नात, सोनपेठच्या विहिणीने आणलेले रुखवत पाहून त्यांनी भर मांडवात म्हटले होते:

विहीणबाईचा थाट केवढा,
ताटात लाडू वाटाण्याएवढा!

विहीण गयाबाई उत्तर न देताच मांडवातून उठून गेल्या. तेव्हापासून त्यांनी लेकीच्या सासरचा उंबरा ओलांडला नव्हता.

सवाल होता, जवाब नव्हता. नियमाप्रमाणे गाणे बाद! सुनंदा चिडली. "सर, कौसाकाकूंचं वय बघा. नियम राहील तुमचा, गाणं जाईल." मी म्हटले, "एकाला दार उघडलं की पुन्हा गोडाऊनच होईल." आमचे दोन दिवस बोलणे बंद होते. शेवटी सलीमभाईंनी तोड काढली. कौसाबाईंचे गाणे लावायचे, शेजारी गयाबाईंचे नाव लिहायचे आणि पुढची जागा रिकामी ठेवायची: 'उत्तर यायचे आहे.' मी नाराजीनेच होकार दिला.

कौसाबाईंच्या सुनेने ते मोबाईलवरून आईला ऐकवले, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

पुढच्या खेपेला आम्ही पालमला कौसाबाईंच्या ओसरीवर बसलो होतो. बाहेरून एक म्हातारी आली. एका हातात एस.टी.चे तिकीट, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. सून "आई!" म्हणून पाणी घेऊन धावली. म्हातारीने तांब्या बाजूला सारला, कौसाबाईंच्या अगदी समोर मांडी घातली आणि सलीमभाईंना म्हणाली, "लावा तुमचं ते यंत्र."

आणि तिने आवाज लावला:

दात पाहूनच लाडू केला,
तोही विहिणीनं चाटून नेला!

कौसाबाईंचे बोळके उघडेच राहिले. सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी यंत्राकडे.

गयाबाईंनी डब्याचे झाकण काढले. आत एकच लाडू होता, नारळाएवढा. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कौसाबाईंच्या पदरात ठेवला.

"हं, इहीनबाई. म्हना आता!"