खण नंबर सतरा

“ऊसतोडीच्या कोपी-खोपटातनं आलेल्या पोरीला वाय-फाय घावलं, मग दुसरं काय हुनार!”

दामूकाका जिन्यात कुणाला तरी सांगत होते. हळू आवाजात, म्हणजे वर हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच. रूपालीने मान वर केली नाही. फक्त पान उलटलं... आणि लगेच परत मागे केलं.

मी असं काही पहिल्यांदाच लिहितेय. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात वाढलेय. भूत हा शब्द कुणी काढला तर पप्पा म्हणतात, “पुरावा दाखव.” त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय. पण पुरावा आहे माझ्याकडे — तीच तर अडचण आहे.

पारनेरला बस स्टँडपासून दहा मिनिटांवर आमचं विहार आहे. वरच्या मजल्यावर अभ्यासिका, स्पर्धा परीक्षेची वीसेक मुलं-मुली. दाराशी नंबर टाकलेल्या खणांचं लाकडी कपाट. आत येताना फोन बंद करून आपापल्या खणात ठेवायचा, हा गायकवाड सरांचा नियम. अभ्यासिका त्यांनीच सुरू केली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. वाय-फाय फक्त तीन कॉम्प्युटरना, ऑनलाइन टेस्टसाठी.

ते वाय-फाय रोज दुपारी तीनच्या सुमारास दहा मिनिटं जायचं. टेस्ट मध्येच तुटायची, मुलं वैतागायची. विहाराच्या कमिटीने — म्हणजे दामूकाकांनी — ठरवून टाकलं की रूपाली दुसरा फोन लपवून आणते आणि सगळं नेट त्यावर ओढते. का, तर ती नवीन आहे आणि तीनलाच पाणी प्यायला उठते! तिच्या घरचे दिवाळीनंतर तोडीला जातात. भरतीच्या परीक्षेसाठी यंदा ती पहिल्यांदाच मागे राहिली होती. अभ्यासिका सुटली असती, तर वडिलांनी तिला कारखान्यावर बोलावून घेतलं असतं.

“तू इंग्लिश मिडियमची ना? मग बघ की काय हाय ते,” काका मला म्हणाले.

इंग्लिश मिडियमचा आणि वाय-फायचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

नगरच्या भंगारवाल्याकडून एक जुना राऊटर आणला, एक अँटेना तुटलेला. मूळ सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलं. आता तो इंटरनेट देणार नव्हता, नुसता ऐकणार होता — जवळपास कोणता फोन आहे, किती जवळ आहे, कोणतं नेटवर्क शोधतोय. जुने फोन ओळखीच्या नेटवर्कला नावाने हाका मारत असतात. शिवाय प्रत्येक फोनचा बारा अक्षर-आकड्यांचा स्वतःचा पत्ता असतो, तोही नोंदीत येतो.

दोन वेळा राऊटर चालूच झाला नाही. तिसऱ्यांदा चालला, तर काकांनी संध्याकाळी मेन स्विच बंद केला आणि दिवसभराच्या नोंदी पुसल्या गेल्या. मी ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद!

“अगं, वाचला की मी कागद. पन रिकाम्या हॉलमधी ते कुनासाठी चालू ठिवायचं?”

शेवटी नोंदी पेन ड्राइव्हवर उतरतील अशी सोय केली आणि गप्प बसले.

चौथ्या दिवशी तो सापडला. तीन वाजून चार मिनिटं. एकच अनोळखी फोन. वाय-फाय गेलं तेव्हा आलेला, परत आलं तेव्हा गेलेला. शोधत होता ‘सर अभ्यास’ नावाचं नेटवर्क. वाय-फाय बसवायच्या आधी आम्ही टेस्ट फोनवरच द्यायचो आणि तेवढ्यापुरता सर आम्हाला स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट द्यायचे, त्याचं हे नाव. रूपालीने तर सरांना कधी पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीनला एक्स्टेन्शन बोर्ड लावून मी राऊटर आणि लॅपटॉप धरून हॉलभर फिरले.

“इंग्लिशवाली, आरती ओवाळती का काय?” रूपाली हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

सिग्नल सगळ्यात जोरात कपाटापाशी. खण नंबर सतरा. रिकामा. आत हात घातला तर फक्त धूळ. बारावीत असताना हा खण माझा होता. हे आठवूनही मला काही सुचलं नाही.

कपाटावर सरांची जुनी वही होती. हॉटस्पॉट ज्यांना द्यायचा त्यांच्या फोनचे पत्ते ते त्यात लिहून घेत. ओलीने पानं चिकटली होती, पट्टीने सोडवावी लागली. सतरा नंबरपुढे सरांच्या अक्षरात तोच पत्ता. त्यापुढे माझं नाव.

तो फोन घरी बिस्किटांच्या डब्यात पडून आहे. बॅटरी फुगली म्हणून मीच ती काढून दुकानात देऊन टाकली होती. शुक्रवारी मी अभ्यासिकेत गेलेच नाही. तीन वाजता घरी तो फोन हातात घेऊन बसले. थंडगार. मागचं झाकण नाही, बॅटरीची जागा मोकळी.

“हे काय धरून बसलीस? बरं वाटत नाही का?” मम्मीने विचारलं.

संध्याकाळी जाऊन नोंद पाहिली. तीन वाजून चार मिनिटं. तोच पत्ता, तितकाच जवळ.

हो, पत्ता बनावट करता येतो. मला माहीत आहे. पण मग त्या माणसाला सरांच्या हॉटस्पॉटचं नाव, माझा पत्ता आणि माझा जुना खण, तिन्ही गोष्टी माहीत हव्यात. मी राऊटर बदलून पाहिला. सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. तेच. भीती वाटली नाही, खरंच... चीड आली. इतकं सगळं मोजलं, आणि ते माझ्याच नावाशी येऊन थांबलं.

रविवारी वंदनेनंतर कमिटी बसली.

“रूपाली, उद्यापासनं येऊ नको,” काका म्हणाले.

“काका, माज्याकडं एकच फोन हाय. रोज तुमच्यासमोर ठिवते.”

“मग दुसरा कुनाचा? भुताचा व्हय?”

सगळे हसले. वही फक्त मी वाचली होती. गप्प बसले असते, तर कुणाला कधीच कळलं नसतं. आणि गप्प बसणं मला फार छान जमतं. रूपाली पिशवीत पुस्तकं भरायला लागली. एक पुस्तक खाली पडलं, तिने ते उचलून पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं.

मी उठले. घरून आणलेला बिस्किटांचा डबा काकांसमोर ठेवला, झाकण काढलं.

“काका, फोन माझा आहे. हा चालू होत नाही, पण रोज तीनला नोंदीत येतो तो हाच. काढायचं तर मला काढा.”