आक्काच्या सहा रेकॉर्डी

तार आली तेव्हा मी तारवाल्याच्या हातावर साखर ठेवली. मेहुणीचे दिवस भरले होते, सोलापूरहून कधीही तार येईल म्हणून घरात वाट बघणं चाललं होतं, त्यामुळं तार फोडायच्या आधीच मी साखरेचा डबा घेऊन दारात हजर. "घ्या, तोंड गोड करा." त्यानं साखर तोंडात टाकली, मी तार फोडली. तार मिरजेच्या दवाखान्यातून होती. इंदूआक्का पहाटे गेली होती. तारवाल्याला माझ्या तोंडाकडं बघूनच कळलं असावं. त्याला साखर गिळवेना, थुंकवेना, गाल फुगवून तो तसाच उभा, आणि मी डबा हातात धरून त्याच्याकडं बघत राहिलो... शेवटी बायकोनं येऊन डबा काढून घेतला. पुढचं सगळं मीच केलं म्हणतात. मिरजेला गेलो, माणसं गोळा केली, तेराव्याची पत्रं लिहिली. दोन महिने होत आले. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं अजून चाललंय.

आक्का माझी चुलत बहीण, चार वर्षांनी मोठी. काका लवकर गेले, म्हणून ती आणि काकी आमच्याच घरात, मंगळवार पेठेत राहिल्या. सतराव्या वर्षी ती स्टुडिओत गेली आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं पौराणिक चित्रपटांतून राणीची सखी झाली. राणी रडायची, आक्का पंखा घालायची. राण्या बदलल्या, पंखा तोच. मग सखीचं वय उलटलं, स्टुडिओतलं बोलावणं थांबलं. पण तिथल्या पेटीमास्तरांनी तिचा गळा तयार केला होता, आणि मुंबईच्या एका कंपनीनं तिला भावगीतांसाठी बोलावलं. सहा-सात वर्षांत सहा रेकॉर्डी निघाल्या. लग्न केलं नाही. राजारामपुरीत एक खोली घेऊन राहायची, सणावाराला आमच्याकडं यायची.

काकीनं लेकीचा सिनेमा कसाबसा पचवला होता. रेकॉर्डी मात्र पचेनात. "सिनेमाला माणूस तिकीट काढून जातंय," ती म्हणाली. "हे गाणं रस्त्यावर येणार. कोण कुठला बाप्या चहा ढोसत बसणार आणि माझी लेक त्याच्या म्होरं गाणार. मी न्हाय ऐकायची." आणि झालंही नेमकं तसंच. आमच्या घरासमोर रहिमानचाचाचं चहाचं हॉटेल. दुपारी तीन वाजले की तो फोनोला चावी द्यायचा आणि "आमच्या गल्लीची बाई हाय" असं गिऱ्हाइकांना बजावून आक्काची रेकॉर्ड लावायचा. मी कचेरीत कारकून, रविवारचाच काय तो घरी. दर रविवारी तीनच्या ठोक्याला काकी उठायची आणि सोप्यातली खिडकी लावायची. आक्का प्रत्येक नवी रेकॉर्ड आणून आमच्या फळीवर ठेवी आणि काकीकडं बघे. काकी म्हणायची, "जेवून जा."

पहिल्या रेकॉर्डीच्या वेळी आक्काच्या सोबतीला म्हणून मला मुंबईला धाडलं होतं. माहेरच्या गाडीची वाट बघणाऱ्या मुलीचं गाणं. तिसऱ्या ओळीत 'आई' अशी हाक होती, आणि ती हाक आली की आक्का डावीकडं वळायची. सिनेमाच्या स्टुडिओत आई नेहमी डावीकडं उभी करत, त्याला ती तरी काय करणार. यंत्रावरचे गृहस्थ काच ठोठावून म्हणाले, "बाई, आई माइकमध्येच बसलीय असं समजा." मेणाच्या तबकडीवर आवाज कोरला जायचा, चुकलं की तबकडी वाया. चौथ्या खेपेला आक्का अजिबात वळली नाही, गाणं असं उतरलं की पेटीवाल्यानंही मान हलवली... आणि शेवटच्या सुरावर मी खोकलो. मला बाहेर काढलं. वेळ संपली होती, म्हणून आधीची, आक्का वळलेलीच तबकडी पास झाली. त्या ओळीत आवाज लांब जातो, खोलीतून उठून बाहेर गेल्यासारखा. खोकल्याची गोष्ट मी घरी रंगवून रंगवून सांगितली. त्या ओळीबद्दल मात्र कुणाजवळ बोललो नाही. ती माझी करणी होती.

आक्का गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी मिरजेला गेलो होतो. ऑपरेशन झालं होतं, ती उशाला टेकून बसली होती. मी आणलेली मोसंबी मीच सोलून मीच खात होतो. ती म्हणाली, "सहा निघाल्या रे, पण आईनं एकबी ऐकली न्हाय. एवढं एक काम कर माझं. कशीबी ऐकीव तिला." मी हो म्हटलं. दवाखान्यात माणूस हो म्हणतोच. मग ती गेली, घरात दुखवटा बसला, वर्षभर घरात गाणं-बजावणं नाही. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. काकीपुढं रेकॉर्ड घेऊन उभं राहायची माझी छाती नव्हती.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर काकी म्हणाली, "समोरचा बाजा का रं बंद हाय?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"जा, रहिमानला लाव म्हणावं."

"काकी, दुखवटा..."

"दुखवटा आपल्या घरात. त्याच्या हॉटेलात कसला?"

मी रस्ता ओलांडून गेलो. रहिमानचाचा कपबशा पुसत होता. ऐकून म्हणाला, "भाऊसाब, डोस्कं फिरलंय व्हय? म्हातारीची लेक गेलीया आणि मी समोर बसून तिचंच गाणं वाजवू? मी बी माणूस हाय की."

"तिनंच पाठवलंय."

त्यानं फडकं खाली ठेवलं. फोनोवरची चादर काढली, नवी पिन घातली. "कुठली लावू?"

हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. परत रस्ता ओलांडून घरी.

"ती माहेराची," काकी म्हणाली. "तिसऱ्या ओळीला तिचा आवाज लांब जातोय बघ, ती."

मी तसाच चाचाकडं गेलो, सांगितलं आणि परत आलो. काकी उघड्या खिडकीशी बसली होती. गाणं सुरू झालं. तिचे ओठ शब्दांच्या थोडे पुढं हलत होते. तिसरी ओळ आली, आक्का लांब जाऊन 'आई' म्हणाली, आणि काकीनं, चुलीपाशी असताना द्यावी तशी, "ओ" दिली. मग गाणं संपेपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, काकीनं ओ दिली, ऐकलंस का? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. आक्काला ती वन्सं म्हणायची.

"ओ तर रोजच देत हुत्या की," ती म्हणाली. "खिडकी लावून तिथंच बसायच्या. मला वाटलं, वन्संना कुणीतरी सांगितलं असंल."