निरोपासाठी रिकामा केलेला रकाना

इथे जाणती माणसं लिहितात. त्यांच्यात मी लिहिण्याचं धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. एरवी मी फक्त वाचते...

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात आज नीलमताईंचा शेवटचा दिवस होता. आमची टीम दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं अॅप बनवते. प्रत्येक कामाचं एक कार्ड भिंतीवरच्या स्क्रीनवर असतं, आणि आपलं कार्ड आपणच 'डन'मध्ये, म्हणजे पूर्ण झालेल्या कामांच्या रकान्यात, न्यायचं नाही, असा आमचा नियम. त्याआधी 'टेस्टिंग'चा रकाना लागतो... तो ताईंचा. त्या काम तपासायच्या, आणि चूक सापडली की कार्ड परत पाठवायच्या.

यापुढे ज्याने त्याने आपलं काम आपणच तपासायचं, असं वरून ठरलं. ताईंची जागाच गेली.

सकाळी आमचा टीम लीड रोहन याला एक कल्पना सुचली. जायच्या दिवशी ताईंना काम नको, त्यांचा रकाना आपणच रिकामा करून ठेवू. सगळ्यांना ती आवडली. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगते. सगळी कार्डं 'डन'मध्ये गेली, त्यांत माझंही गेलं. केकही आला होता.

ताई आल्या आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "हे सगळं कोणी बघितलं?"

"कोणी नाही ना ताई," रोहन म्हणाला. "आज तरी काही परत पाठवू नका यार. फक्त केक खा."

त्या हसल्या. पण बसल्या नाहीत... स्वतःच्याच खुर्चीशेजारी पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या.

मी मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही. इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आज मराठीतच बोलले. माझं कार्ड मागे ओढलं आणि म्हटलं, "ताई, माझं बघायचं राहिलंय."

त्यांनी पर्स खाली ठेवली.

केक कापायच्या आत माझं कार्ड परत आलं. अॅपमध्ये मराठी निवडली की 'रद्द करा' हे बटण खाली सरकून दिसेनासं होत होतं. "अगं, माझ्या आईला हे सापडणार आहे का? आणि तू म्हणे मराठी मीडियमची टॉपर," त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या. सगळे हसले, त्याही हसल्या... आणि हसता हसताच उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता.

मी दुरुस्ती करेपर्यंत संध्याकाळ झाली. ताई निघून गेल्या होत्या.

आता त्या रकान्यात माझं एकच कार्ड आहे. सोमवारी तो रकाना काढून टाकतील. तोवर मी ते स्वतःच 'डन'मध्ये नेलं, तरी कोणी अडवणार नाही... पण हात पुढे होत नाही.

ताई, बटण आता दिसतं. तुम्ही एकदा बघितलं असतंत, तर मला खात्री वाटली असती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटे